वॉशिंग्टन: एका वाडीच्या नावाची गोष्ट

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा शहर येतं. पांढरं घर, मोठा घुमट आणि बातमीच्या सुरुवातीची 'वॉशिंग्टन, ता. अमुक' ही ओळ. मग आठवतात अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. शहराला त्यांचं नाव दिलं, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. पण खुद्द जॉर्ज यांना हे आडनाव कुठून मिळालं? शहराला माणसाचं नाव मिळालं, त्याच्या सहाशे वर्षं आधी त्या माणसाच्या पूर्वजाला एका गावाचं नाव मिळालं होतं. ते गाव इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात अजूनही आहे. आणि अमेरिकेत हे आडनाव लावणाऱ्या शंभरांतल्या जवळपास नव्वद जणांचा त्या गावाशी काही संबंध नाही. ती माणसं कृष्णवर्णीय आहेत, एके काळी गुलाम असलेल्यांची नातवंडं-पणतवंडं आहेत. एका आडनावाचा हा एवढा मोठा प्रवास कसा झाला, ते आज सांगायचं आहे.

मी कवी माणूस. शब्द कुठून आला, कोणाच्या तोंडून आला, हे पाहायची मला खोड आहे. त्यात मी मराठीत लिहिणारा मुसलमान. त्यामुळे 'आडनाव काय?' आणि 'मूळचे कुठले?' हे दोन प्रश्न मला जरा जास्तच वेळा विचारले जातात. आपल्याकडे या दोन प्रश्नांचं उत्तर पुष्कळदा एकाच शब्दात मिळतं. गावाच्या नावाला 'कर' लावला की झालं आडनाव. कोकणातल्या मुसलमानांमध्येही अशी आडनावं सर्रास आहेत. अशा आडनावाची गंमत अशी की, त्यावरून माणसाचा धर्म कळेलच असं नाही, पण गाव मात्र कळतं. म्हणूनच इंग्रजांची गावावरून पडलेली आडनावं मला कधी परकी वाटली नाहीत.

आडनावं आली कुठून?

फार जुन्या काळी इंग्लंडमध्ये वंशपरंपरेनं चालणारी आडनावं नव्हती. माणसाला एकच नाव पुरायचं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर हळूहळू चित्र बदललं. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन अशी मोजकीच नावं घरोघर ठेवली जाऊ लागली. एका गावात दहा जॉन झाले, तर कोणता जॉन हे सांगायचं कसं? मग कोणी लोहाराचा जॉन, कोणी टेकडीवरचा जॉन, कोणी रॉबर्टचा मुलगा जॉन. दुसरं कारण जमिनीचं. बापाची जमीन मुलाला मिळायची, तर मुलगा त्याच घराण्याचा आहे हे कागदावर दिसायला हवं. तिसरं कारण सरकारी वसुलीचं. १३७७ ते १३८१ या काळात राजानं तीन वेळा डोईपट्टी बसवली. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे, त्यांची नीट ओळख सरकारला हवीच असते. चौदावं शतक संपेपर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागांत आडनावं स्थिरावत आली. १५३८ साली प्रत्येक चर्चनं जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला आणि ही आडनावं वहीत पक्की झाली.

यातली गावावरून आलेली आडनावं दोन वाटांनी आली. जमीनदार आपल्या ताब्यातल्या गावाचं नाव लावायचा, कारण त्यातून त्याचा हक्क दिसायचा. साध्या माणसाचं मात्र उलटं होतं. त्याला गावाचं नाव मिळायचं ते गाव सोडल्यावर! यात नवल काही नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर म्हणून कोण हाक मारणार? तिथे सगळेच सातारकर. तो पुण्याला किंवा मुंबईला गेला की शेजारी त्याला सातारकर म्हणू लागतात. म्हणजे अशा आडनावात जसं गाव असतं, तसंच ते गाव सुटल्याची खूणही असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

या गावांच्या नावांना ठरावीक शेपट्या असतात. 'हॅम' म्हणजे घर किंवा वस्ती. 'ली' म्हणजे रानातली मोकळी केलेली जागा. 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार. उत्तरेकडे 'बी' भेटतो, तो डेन्मार्कहून आलेल्या लोकांचा, त्याचा अर्थ गाव. सगळ्यांत जास्त भेटतो तो 'टन'. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'टून' होता. मूळ अर्थ कुंपण, मग कुंपण घातलेली जागा, मग तिथलं घर आणि शेत, आणि शेवटी गाव. आजचा टाउन हा शब्द त्यातूनच आला. आपल्या वाडीची गोष्टही अशीच आहे. वाडी, वाडा, गुरांचं वाडगं या सगळ्यांच्या मुळाशी कुंपण घातलेली जागाच आहे. या हिशेबानं आयझॅक न्यूटन यांचं आडनाव आपल्या भाषेत 'नव्या वाडीचे' असं होईल.

ह्वेसाची वाडी

आता वॉशिंग्टनकडे येऊ. टाइन आणि वेअर या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, न्यूकॅसल आणि संडरलँड या शहरांच्या जवळ हे गाव आहे. पूर्वी ते डरहॅम परगण्यात मोडायचं. स्थलनामांचे अभ्यासक या नावाची फोड अशी करतात: ह्वेसा नावाचा कोणी माणूस, त्याच्या नावाला जोडून 'इंग', आणि पुढे 'टून'. म्हणजे ह्वेसाची वाडी. हा ह्वेसा कोण, शेतकरी की सरदार, त्याची दुसरी काही नोंद उरलेली नाही. उरलं ते एवढंच नाव. दक्षिणेला ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे, पण ते वेगळं. या गोष्टीतलं आडनाव डरहॅमकडचं.

आपल्या गोष्टीतला पहिला कागद ११८३ सालचा आहे. डरहॅमचे बिशप ह्यू द पुइझे यांनी त्या वर्षी आपल्या मुलखातल्या जमिनींची आणि येणे-देण्याची एक मोठी नोंदवही करवली. तिला बोल्डन बुक म्हणतात. त्यात विल्यम ऑफ हार्टबर्न या माणसाची नोंद आहे. त्यानं आपलं हार्टबर्न हे गाव बिशपना सोडून दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. गावातलं चर्च आणि चर्चची जमीन मात्र त्याला मिळाली नाही. त्यानं वर्षाला चार पौंड द्यायचे आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाले की चार शिकारी कुत्री घेऊन हजर व्हायचं, असा करार.

गाव बदललं तसं विल्यमचं नाव बदललं. हार्टबर्नचा विल्यम आता वॉशिंग्टनचा विल्यम झाला. हार्टबर्न आज स्टॉकटन शहरात मिसळून गेलं आहे. जमिनीची ती अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेच्या राजधानीला कदाचित आपण हार्टबर्न म्हणत असतो. एवढ्या मोठ्या नावामागचा पहिला व्यवहार असा साधा, तलाठ्याच्या दप्तरात शोभेल असा!

विल्यमच्या वंशजांनी हे नाव टिकवलं. त्यांच्यातले एक जॉन वेसिंग्टन १४१६ ते १४४६ अशी तीस वर्षं डरहॅमच्या मठाचे प्रमुख होते. घराण्याची ढालीवरची खूण ठरली ती अशी: पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. अमेरिकेचा तारे-पट्ट्यांचा झेंडा यावरूनच निघाला, असं पुष्कळ जण हौसेनं सांगतात, पण त्याला पुरावा नाही. मात्र वॉशिंग्टन शहराचा स्वतःचा झेंडा, जो १९३८ साली ठरला, तो थेट या ढालीवरूनच घेतलेला आहे.

लोकर, धर्म आणि तंबाखू

घराण्याच्या शाखा पुढे फुटत गेल्या. एक शाखा पश्चिमेला, लँकेशायरमधल्या वॉर्टन गावी गेली. तिथून एक जण दक्षिणेला नॉर्थॅम्प्टन शहरात उतरला. त्याचं नाव लॉरेन्स वॉशिंग्टन. लोकरीच्या व्यापारात त्याचं नशीब उघडलं, तो दोन वेळा शहराचा महापौर झाला. तो काळ आठव्या हेन्रीचा. राजानं मठ मोडून काढले आणि त्यांच्या जमिनी विकायला काढल्या. १५३९ साली लॉरेन्सनं सव्वातीनशे पौंडांच्या आसपास रक्कम मोजून सलग्रेव्ह इथली मठाची जमीन घेतली आणि घर बांधलं. ते घर आजही उभं आहे.

पुढे याच वंशातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्स परगण्यातल्या पर्ली गावी धर्मगुरू होता. देशात राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध पेटलं होतं. १६४३ साली पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर हा गुत्त्यांमध्ये फार बसतो. उत्पन्न गेलं, घराची घडी विस्कटली. त्याचा मुलगा जॉन पोटासाठी समुद्रावर गेला. तंबाखूच्या व्यापारासाठी व्हर्जिनियाला निघालेल्या एका जहाजावर तो काम करत होता. १६५७ च्या सुरुवातीला ते जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. जॉन तिथेच राहिला, तिथल्याच एका जमीनदाराच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. पोटोमॅक ही तीच नदी, जिच्या काठी आज वॉशिंग्टन शहर आहे. या जॉनचा पणतू म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन, जन्म १७३२.

जॉर्ज यांना स्वतःच्या कुळाचं फारसं कौतुक नव्हतं. १७९२ साली इंग्लंडच्या दरबारातले वंशावळींचे अधिकारी आयझॅक हर्ड यांनी त्यांना पूर्वजांविषयी विचारलं, तेव्हा आपण या विषयाकडे फार कमी लक्ष दिलं आहे, असं त्यांनी कळवलं आणि होती तेवढी माहिती पाठवली. त्याच्या आधीच्या वर्षी, १७९१ मध्ये, नव्या राजधानीला त्यांचं नाव देऊन झालं होतं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. म्हणजे ज्याच्यामुळे हे आडनाव जगभर गाजलं, त्याच्याच घरात ते पुढे चाललं नाही.

ज्यांना आडनाव लिहिलं जात नव्हतं

आता गोष्टीचा दुसरा भाग, आणि माझ्या मते हाच खरा मोठा भाग.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर १७९९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. १५३ जण त्यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले, उरलेले भाड्यानं आणलेले. आपले १२३ गुलाम मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं. मार्थानं त्यांना आधीच, १ जानेवारी १८०१ रोजी मुक्त केलं. त्या १५३ जणांना मुक्त करण्याचा अधिकार मात्र दोघांनाही नव्हता. ती माणसं वारसांमध्ये वाटली गेली.

या माणसांपैकी ज्यांची आडनावं कळतात, ती बहुतेक वेगळीच आहेत. विल्यम ली, ओना जज, हर्क्युलिस पोझी, कॅरोलिन ब्रॅनम. मालकाचं आडनाव आपसूक गुलामाला चिकटलं, अशी आपली समजूत असते, पण तसं सरसकट झालेलं नाही.

एकानं मात्र ते नाव घेतलं, आणि तेही मालकाला सोडून. हॅरी नावाचा हा माणूस आफ्रिकेत, गॅम्बिया नदीच्या परिसरात जन्मला होता. १७६३ साली वॉशिंग्टन यांनी त्याला विकत घेतलं. १७७१ मध्ये तो पळाला, पकडला गेला. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूनं येतील ते मुक्त, असं इंग्रज गव्हर्नरनं जाहीर केलं, तेव्हा १७७६ मध्ये हॅरी पुन्हा पळाला, तो इंग्रजांकडे. १७८३ साली इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले. बरोबर नेलेल्या सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयांची त्यांनी यादी केली. त्या यादीत हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, अशी नोंद आहे. तो आधी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात गेला, १७९२ मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनला. तिथल्या इंग्रज कंपनीनं जमिनीवर पट्टी बसवली, तेव्हा १८०० साली उठाव झाला. त्यात हॅरीही होता. त्याला हद्दपार करण्यात आलं. करावरून इंग्रजांविरुद्ध उठलेला एक वॉशिंग्टन जगाला ठाऊक आहे. हा दुसराही तसाच होता, फक्त त्याचा पुतळा नाही.

बाकीच्या लाखोंचं काय? १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. त्यात मालकाचं नाव लिहायचं आणि गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. नावाचा रकानाच नव्हता, एखाद्या ठिकाणचा अपवाद सोडला तर. म्हणजे सरकारच्या दप्तरात ते माणूस नव्हते, गोठ्यातली संख्या होती. पुष्कळांनी आपापसात आडनावं जपलेली होती, मालकाला पत्ताही नसायचा, हे इतिहासकारांनी पुढे दाखवून दिलं. १८६५ साली गुलामगिरी संपली. १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा ही सगळी माणसं नाव-आडनावासह कागदावर आली.

नाव घेण्याचा तो क्षण कसा असतो, हे एका माणसानं लिहून ठेवलं आहे. बुकर हा १८५६ साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा. स्वातंत्र्य मिळालं, आईबरोबर तो वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉल्डन गावी आला. शाळेत गेला. मास्तर हजेरी घेत होते. प्रत्येक मुलाला दोन नावं, काहींना तर तीन! याला एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत विचार करायला थोडा वेळ होता. पाळी आली तेव्हा त्यानं शांतपणे सांगून टाकलं, बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. आईनं आपलं नाव टॅलिफेरो असंही ठेवलं होतं, हे त्याला नंतर कळलं, तेही त्यानं मध्ये घातलं. हाच पुढे टस्कीगी संस्थेचा प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन झाला.

१९०१ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली आहे. गुलामगिरी संपल्यावर बहुतेकांना दोन गोष्टी कराव्याशा वाटल्या. एक, नाव बदलायचं. दुसरी, जुना मळा निदान काही दिवस तरी सोडून बाहेर जायचं. कारण त्याशिवाय आपण खरंच मोकळे झालो, याची खात्रीच पटत नव्हती. हे वाचताना मला ती मघाची गोष्ट आठवली. गाव सुटल्याशिवाय गावाचं आडनाव मिळत नाही, असं आपण म्हणालो होतो. इथे मळा सुटल्याशिवाय आडनाव आपलं वाटत नव्हतं.

याच टस्कीगीत बुकर यांनी १८९६ साली बोलावून घेतलेले शास्त्रज्ञ आपल्या ओळखीचे आहेत: जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ सालच्या पुस्तकानं ते मराठी घराघरांत पोचवले. त्यांचं कार्व्हर हे आडनाव मोझेस कार्व्हर या मालकाचं. मधला वॉशिंग्टन मात्र नंतर आला. सांगतात की, गावात दुसरा एक जॉर्ज कार्व्हर होता, पत्रांचा घोळ व्हायचा, म्हणून यांनी मध्ये एक अक्षर घातलं. कोणी विचारलं, हे वॉशिंग्टनचं का? तर म्हणाले, असू द्या की!

२००० सालच्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक निघाले. त्यातले ९० टक्के कृष्णवर्णीय. २०१० मध्ये हे प्रमाण ८७ टक्क्यांच्या वर होतं. मोठ्या आडनावांमध्ये इतकं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच आडनावात नव्हतं. याचं एक कारण सरळ आहे: गोऱ्या वॉशिंग्टनांची संख्या मुळातच कमी होती. दुसरं कारण, हे नाव देशाच्या मुक्ततेशी जोडलेलं होतं. ज्याला कालपर्यंत देश आपला मानत नव्हता, त्यानं देशाच्या पहिल्या नागरिकाचं नाव उचललं. त्यात अभिमान होता आणि मला वाटतं, हक्काची मागणीही होती. त्या पहिल्या नागरिकानं स्वतः माणसं विकत घेतली होती, हेही त्याच नावात आहे. नाव धुऊन घेता येत नाही. ते त्याच्या डागांसकट घ्यावं लागतं.

आणि ते इंग्लंडमधलं गाव? विल्यमच्या घराण्याकडून वाडा कधीच गेला होता. १६१३ मध्ये तो डरहॅमच्या बिशपनी घेतला. पुढे गावात कोळशाच्या खाणी निघाल्या, वाड्यात गरीब कुटुंबं दाटीवाटीनं राहू लागली. १९३३ साली तो राहायला अयोग्य ठरवला गेला, पाडायची वेळ आली. स्थानिक लोकांनी समिती करून तो वाचवला. १९५५ साली अमेरिकेच्या राजदूतांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि १९५७ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. अध्यक्ष जिमी कार्टर १९७७ साली तिथे येऊन गेले.

ह्वेसाची वाडी, विल्यमचा करार, लॉरेन्सची लोकर, जॉनचं रुतलेलं जहाज, हॅरीचं पळून जाणं, बुकरनं हजेरीत दिलेलं उत्तर. हे सगळं एका शब्दात आहे. यातल्या एकालाही हे नाव देवानं कपाळावर लिहून दिलं नव्हतं. कोणाला ते जमिनीबरोबर मिळालं, कोणी ते उभं राहून मागून घेतलं. आडनाव ऐकून माणसाची जात, धर्म आणि लायकी जोखायची आपल्याला फार घाई असते. मला कोणी आडनाव विचारलं की मी सांगतो. मात्र हल्ली विचारणाऱ्याला त्याच्या आडनावाचं गावही विचारतो. बहुतेकदा त्याच्या आजोबांनी ते कधीतरी सोडलेलं असतं. मग आमच्या गप्पा बऱ्या चालतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)